दशांश कुठून आले

४ एप्रिल १९७८, मंगळवार

शनिवारी इथे लिहिलं की कुसुम निनावेने तापमानाचे आकडे मनाने लिहिले. ते चूक आहे. खोडत नाही, एक रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. बाबांच्या घरच्या शाळेतला नियम. (चौथीपर्यंत मला तीच शाळा.)

खरं ते असं. शाळेच्या पेटीतल्या तापमापकावर एकेका अंशाच्याच रेघा आहेत. १४ मार्चपर्यंत नोंदींच्या वहीत ३५, ३६, फार तर ‘३६ च्या थोडं वर’. १५ पासून ३७.४, ३८.१, ३७.९. दशांश! म्हणून शनिवारी सातवीच्या वर्गात कुसुमला उभं केलं, ‘खोटं लिहितेस’ म्हटलं, आणि वही तिच्याकडून काढून वर्गातल्याच मंदाला दिली.

आज घरी रद्दीचा गठ्ठा सोडला. मिळाले तेवढे पेपर वहीशी ताडून पाहिले. आकडे पेपरातले. वेधशाळेचे. एकही मनाचा नाही.

म्हणजे खोटे नाहीत. पण आमचेही नाहीत.

कुसुमच्या घरी पेपर येत नाही. वडील माग चालवतात, आई सुताच्या कांड्या भरते. शाळेत एकच पेपर येतो. मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या खोलीत.

५ एप्रिल, बुधवार

मधल्या सुट्टीत कुसुमला एकटीला गाठलं. काय झालं ते सांगायला हवं होतंस की तू मला, म्हटलं. ती एकदम—

“तुमी इचारलंच नाही बाई. तुमी सांगतलं.”

आकडे कुठून आणलेस?

“मोठ्या बाई चिठ्ठी देत. मी उतरवून राहिली होती. पेटीची किल्ली बी त्याईनंच घेतली. मले वाटलं तुमाले मालूम आहे. सही तं तुमचीच हाय.”

सही माझीच. दोन शनिवार, न पाहता.

६ एप्रिल, गुरुवार

ढोकणे सर स्टाफरूममध्ये, पान लावता लावता: “हे प्रतिष्ठानवाले पैसा काहून देतात, ठाऊक आहे? फोटो काढायले. पेटी दिली, आता पेटीसंगं आपला फोटो. तुम्ही कायले एवढा जीव जाळून राहिल्या?”

सगळे हसले. मीही.

पण शंका मलाही पहिल्यापासून आहे. डिसेंबरात मीच एका पानाचा अर्ज केला होता. पुण्याच्या या प्रतिष्ठानाच्या लोकांनी आमची शाळा ना पाहिली ना ऐकली, आणि अनुदान पाठवलं. छोटंच. त्यात झडपांची पांढरी पेटी, तापमापक, पर्जन्यमापक, वही. जूनपर्यंत नोंद नीट राहिली तर दुसरा हप्ता, त्यातून पुस्तकांचं कपाट आणि पुस्तकं. आमचं पाहून आणखी तीन शाळांना देणार. त्यांना नक्की काय हवंय, ऊन की भरलेले रकाने?

आणि तरी. दिवाळीपर्यंत तोंड न उघडणारी कुसुम जानेवारीत भाजीवालीला सांगत होती, “सकाळी पारा नऊ अंशांवर उतरला होता मावशी, म्हणून मेथी अशी झाली.” रविवारीही यायची, कुंपणाच्या फटीतून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्या पेटीने शिकवलं.

७ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सातलाच गेले. बाकावर चढून झडपांतून आत पाहिलं. तापमापक नाही, नुसता खिळा. खालच्या फटीत पाऱ्याचा एक मणी, मोहरीएवढा.

दिवसभर एकेकाकडे पाहत होते. ढो. सरांनी नेला? पारा विकतात म्हणे. सरांच्या पिशवीकडेही पाहिलं. शी. लिहून ठेवते, म्हणजे लक्षात राहील.

१० एप्रिल, सोमवार

मो. बाईंकडे गेले. दार लोटून घेतलं. सगळं सरळ सांगितलं त्यांनी. मला वाटलं होतं नाकारतील.

१४ मार्चला पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला त्यांनीच तापमापक खिळ्यावरून काढला. हातातून निसटला.

“कळवलं का नाही?”

“तू नवीन आहेस वं. सव्वीस वर्षं झाली मले. रिकामा रकाना दिसला की वरच्या ऑफिसचा मेमो येतो. भरलेला रकाना कोणी वाचत नाही.”

मी वाचला, असं म्हणायचं राहून गेलं.

“आणि पेपरातला आकडा तर जास्तच खरा आहे. मोठ्या यंत्राचा. मी काय घरी नेलं का काही? पोरींना पुस्तकं मिळावी म्हणूनच केलं ना?”

हे खरं वाटतं. त्याचीच भीती वाटते.

कुसुमचं काय, विचारलं. “पोर आहे. विसरते.” मग माझ्यासाठी माठातलं पाणी ओतता ओतता: “तुझा कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे बरं. या महिन्यात पाठवायचा.” धमकी होती की नुसतीच आठवण? पाणी मात्र प्यायले.

१२ एप्रिल, बुधवार

कुसुम दोन दिवस गैरहजर. शाळा सुटल्यावर घरी गेले. कडक ऊन, गल्लीत मागांचा आवाज. आई कांड्या भरत होती, हात थांबवला नाही.

“माही पोरगी लबाड हाय म्हणे. भर वर्गात सांगतलं तुमी. मंग लबाडाले शाळेत काहून धाडू? घरी कांड्या तं भरन.”

चूक माझी झाली, म्हटलं.

“मले काय सांगता? मी होती का तिथं?”

कुसुम आतून बाहेर आली नाही. निघताना दाराशेजारी भिंतीवर पाहिलं. कोळशाने तारखा, १५ मार्चपासून. पुढे: ‘कालच्याहून जास्त’. ‘तेवढंच’. ‘जास्त’. ‘कमी, वारा’. कालचीही होती. आजचीही.

तापमापक नाही, किल्ली नाही, वही मी काढून घेतलेली. आणि नोंद चालू.

१३ एप्रिल, गुरुवार

बाबांना सांगितलं. म्हणाले, अनुदानाचं पत्र आण ते. चष्मा पुसून मोठ्याने वाचलं: “नोंद अखंड असावी. साहित्य मोडल्यास कळवावे.”

दुसरं वाक्य पहिल्यापासून तिथेच होतं. मो. बाईंनी वाचलं नाही, मीही नाही. आम्हा दोघींना ‘अखंड’ तेवढं दिसलं.

पण कळवल्यावर काय? नवा देतील की हप्ता बंद करतील? लिहिलेलं नाही. न लिहिलेल्या जागीच माझा विश्वास बसत नाही. कपाट गेलं, तीन शाळांचं गेलं, तर ते माझ्यामुळे. आणि हे सगळं मी कुसुमसाठी करते आहे, की माझी सही स्वच्छ व्हावी म्हणून? दोनदा विचारलं स्वतःला. दोन्ही वेळा उत्तर वेगळं.

बाबा: “पुण्याचे काय करतील ते राहू दे. तू भर वर्गात बोललीस ना? मग भर वर्गातच परत घे.”

१५ एप्रिल, शनिवार

वहीत शनिवारची सही केली नाही. मागच्या शनिवारीही टाळलीच होती.

प्रतिष्ठानचे गृहस्थ शुक्रवारी, २१ ला येणार. आज पत्र आलं. त्यांच्या आधी व्हायला हवं. त्यांच्यासमोर केलं तर दाखवण्यासाठी केल्यासारखं होईल.

मो. बाईंना आधी जाऊन सांगितलं, मागून कळायला नको: सोमवारी भर वर्गात माझे शब्द परत घेणार. १५ मार्चपासूनच्या आकड्यांवर एकेक रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी: ‘तापमापक फुटला. आकडे वर्तमानपत्रातून.’ खाली माझी सही. पुढच्या रकान्यात कुसुमच्या भिंतीवरचं जसंच्या तसं, तिच्याच हाताने, ती तयार असेल तर. तसंच पत्र पुण्याला. कोणी फोडला ते मी लिहिणार नाही. त्यांना लिहायचं तर त्या लिहितील.

हजेरीवरून मान वर न करता म्हणाल्या, “मीही येईन वर्गात.” कशासाठी, ते विचारलं नाही. माझा कागद टेबलावरच होता. पालथा.

येताना निनाव्यांकडे. आई म्हणाली, “अर्धा घंटा धाडीन. पोरगी आयकून येईन आन् मले सांगन, काय बोलल्या ते.” पडद्यामागे कुसुमचे पाय दिसत होते. हलले नाहीत.

वही घरी आणली आहे. पट्टी, दौत पिशवीत ठेवली.

सोमवार, १७ एप्रिल. साडेसातला, प्रार्थना झाल्यावर, सातवीच्या वर्गात.