मशीनने नमस्कार घेतला नाही

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

लागत नाही! सकाळपासून केदार नव्या लॅपटॉपसमोर बसलाय. पूजा झाली, लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं — आणि इंदूरचं मशीन काही उघडेना. 'ऑथेंटिकेशन एरर', बस.

इंदूरचं मशीन म्हणजे भाऊजींचं, केदारच्या मोठ्या भावाचं. इथे नई सडकेवर दोघांचं नकाशांचं ऑफिस होतं, तेव्हाचा सर्व्हर. भांडण झालं आणि भाऊजी तो घेऊन इंदूरला गेले. भांड्याला भांडं लागतंच, पण या दोघांनी भांडी वेगवेगळ्या गावांत नेऊन ठेवली! तेव्हापासून बोलणं बंद. फक्त खंडेनवमीला केदार इथून नेटवरून त्या मशीनवर जातो आणि तिथल्या एका फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवतो — दादा, नमस्कार, सोनं घ्या. भाऊजी खाली लिहितात — सुखी राहा. वर्षाचं बोलणं तेवढंच.

२ ऑक्टोबर, दसरा

आजही नाही. संध्याकाळी केदार म्हणाला, "दादाने मशीनवरून माझं नाव काढून टाकलं." घसा इतका बसलाय की मला पुन्हा विचारावं लागलं.

६ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. घशातली गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. डॉक्टर म्हणाले, "जान बच जाएगी. आवाज़ नहीं रहेगी." भाजीचा भाव ऐकावा तशी मी मान हलवत राहिले. घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

७ ऑक्टोबर

म्हटलं, आवाज आहे तोवर दादांना फोन कर. "ज्याने नमस्कारही घेतला नाही, त्याला?" वर मला शपथ घातली — ऑपरेशनचं दादाला कळवायचं नाही. राग येतो. दोघांचाही येतो.

१० ऑक्टोबर

शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते आणि घरचं एक मशीन जोडता येत नाही! पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासला. पिंग केलं तर इंदूरहून उत्तर येतंय. म्हणजे मशीन चालू आहे, नेटही ठीक. मग आत का घेत नाही? केदार म्हणतो, "सोड ना." त्याला जणू पुरावाच मिळालाय.

१४ ऑक्टोबर

ऑपरेशन परवा. आज केदार घोगऱ्या आवाजात खूप बोलला. दादा त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून दाना ओलीच्या बोळातून शाळेत न्यायचा. दादाने त्याच्यासाठी गल्लीतल्या मुलांचा मार खाल्ला. सगळं दादाचंच. फोन समोर पडला होता. मी तो त्याच्याकडे सरकवला. त्याने तो परत माझ्याकडे सरकवला आणि पाणी मागितलं.

१६ ऑक्टोबर

झालं. गळ्याला भोक, त्यात नळी. शुद्धीवर येताना तो काहीतरी म्हणाला. नुसते ओठ हलले. आता असंच.

१९ ऑक्टोबर

यशश्री नोएडाहून आली. बापाच्या पलंगाशी बसून लॅपटॉप उघडला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आई, ब्लॉक-व्लॉक कुछ नहीं है. काकांनी नाव काढलं असतं ना, तर 'पासवर्ड गलत' असं आलं असतं. ये तो वर्जन का चक्कर है."

आमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज सेव्हन होतं. भाऊजींचा सर्व्हरही त्याच जमान्यातला. दोन्ही कधी अपडेट केले नाहीत, म्हणून दोघांचं जमायचं. नवं विंडोज इलेव्हन अशा जुन्या मशीनला धोक्याचं समजतं आणि स्वतःच मागे फिरतं. म्हणजे नाही म्हणत होता तो आपलाच लॅपटॉप!

यशश्रीने एक सेटिंग तेवढ्यापुरती सैल केली. मशीन उघडलं. केदारचं नाव जागच्या जागी होतं. गेल्या वर्षीच्या ओळींखाली दसऱ्याच्या तारखेला भाऊजींनी लिहिलं होतं — केदार, या वर्षी सोनं नाही?

केदारने ते वाचलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याची पाठ हलत होती. मला सहन होईना, मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

२० ऑक्टोबर

केदारने उशाजवळचा फोन घेतला आणि स्वतःच दादांना लावला. मी पलंगाशी पोचेपर्यंत भाऊजींनी उचलला होता. "केदार? केदार ना रे? बोल की!" केदारचे ओठ हलत राहिले. मी फोन हातात घेतला. म्हटलं, "भाऊजी, मी."

"शरयू," भाऊजी म्हणाले, "अजून रागावलाय का गं तो?"