पँट राहिली, साडी नेसले

मनवा,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावून जातेय. तू काढून ठेवलेली पँट घालून मी सकाळी निघाले खरी, पण दुसऱ्या मजल्यावरूनच परत फिरले. अठरा वर्षांनी इंटरव्ह्यू, त्यात स्वतःचेच पाय परके वाटायला लागले. शेवटी निळी कॉटनची साडी नेसले आणि वर तुझा ब्लेझर चढवला.

परळच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "पेशंट चिडला तर काय कराल?" मी पुढे सरकले आणि निऱ्यांची पिन तटकन सुटली! मी दोन्ही हातांनी निऱ्या धरून ठेवल्या. मॅडमनी उठून दार लावलं, स्वतःच्या पदराची पिन काढून दिली आणि म्हणाल्या, "सावकाश लावा. पण उत्तर द्या हं!"

मी म्हटलं, "आधी त्याला बसवेन. मग तुम्ही आत्ता मला दिलात ना, तसा वेळ देईन."

त्या खळखळून हसल्या. सोमवारपासून रिसेप्शनला बसायचंय गं मला!

आमटी गरम करून घे. मी शेजारच्या मेलानीबरोबर हिंदमाताला जातेय. बाबांचा फोन आलाच तर सांग, आई ऑफिससाठी साड्या घ्यायला गेलीय. जरा मोठ्याने सांग, 'ऑफिस' नीट ऐकू गेलं पाहिजे त्यांना.

आई