नव्या गाण्यातला जुना श्वास

प्रिय भिंगरी,

शुक्रवारी ‘फाटका स्पीकर’ची तीन नवी गाणी आली, ती ऐकली. नेहमीसारखी गाडीतच. शेजारी माझ्या ड्रायव्हिंग क्लासची शिकाऊ, ती बँकेतली बाई. चढावर गाडी बंद पाडण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. मी तिला आरशात बघायला सांगायला आणि तुमच्या गाण्यातल्या बेसच्या दणक्यानं आरसाच थरथरायला एक गाठ पडली. मॅडम, इंजिनाला काहीतरी झालंय, म्हणाली बिचारी. मी म्हटलं, इंजिन ठणठणीत आहे, हे माझ्या मुलीच्या लेबलचं, म्हणजे तिच्या गाण्यांच्या कंपनीचं, गाणं आहे. तुम्ही क्लच सोडा, हळू.

तू मला पहिल्यांदा हे संगीत ऐकवलंस तेव्हा मी विचारलं होतं, हे बिघडलंय की मुळातच असं आहे? तू पोट धरून हसली होतीस. मग समजावून सांगितलंस. ड्रम अँड बेस म्हणजे वर ड्रम सुसाट पळत असतात आणि खाली बेस गुरगुरतो. जंप अप हे त्यातलं वात्रट भावंड. त्याचा बेस सर्दी झालेल्या बेडकासारखा ओरडतो आणि माणसाला उडी मारल्यावाचून राहवत नाही. मोठी लेबलं या प्रकाराला नाकं मुरडतात, म्हणून तू आणि तुझ्या त्या मित्रानं, टकल्यानं, टायरवाल्याच्या मागच्या शेडमध्ये स्वतःचं लेबल काढलंत. मी म्हटलं होतं, नाव तरी धड ठेवा, फाटका स्पीकर कोण विकत घेणार? पण घेतात लोक. माझे दोन जुने शिकाऊसुद्धा ऐकतात, आणि गाडी कशी चालवत असतील याचा मी विचार करत नाही.

गेल्या काही महिन्यांत तुझा फोन बंदच झाला. मेसेज मात्र यायचे, नेमाने. कामात आहे आई. शुक्रवारी गाणं येतंय, ते ऐक, म्हणजे मी कशी आहे ते कळेल. मीही वेडी, तशीच ऐकत राहिले. लोक मुलांचा आवाज ऐकतात, मी तुझा बेस ऐकायचे आणि म्हणायचे, बरी आहे पोरगी.

या वेळचं पहिलं गाणं टकल्याचं, ओळखू आलं. त्याला शेवट करताच येत नाही. दुसरं कुणा नव्या मुलीचं होतं, अडकलेला ड्रॉवर हिसके देऊन ओढावा तसा बेस. मला आवडलं. तिसऱ्यावर तुझं नाव होतं. ते नीट ऐकावं म्हणून मी बाईला गाडी कडेला घ्यायला लावली.

तुझ्या प्रत्येक गाण्यात सगळे ड्रम एकदम थांबतात, आणि बेस कोसळायच्या आधी तुझा स्वतःचा श्वास ऐकू येतो. लोक उडी मारायच्या आधी श्वास घेतात, तो मी त्यांच्यासाठी घेऊन ठेवते, असं तू म्हणायचीस. या गाण्यातही श्वास होता. पण त्याच्या मागे, अगदी बारीक, खुर्चीची करकर होती. स्वयंपाकघरातली आपली ती मोडकी खुर्ची. तिच्यावर बसून तू पहिलं गाणं केलंस, आणि तू घर सोडलंस त्याच वर्षी मी ती भंगारात दिली. गाणं नवं होतं, भिंगरी, आणि श्वास जुना.

मी पुन्हा लावलं. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, आज एवढंच. ती म्हणाली, मॅडम, पण आपण अजून अर्ध्या रस्त्यातच आहोत.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. तू श्वास घेतच नसशील म्हणून कोणीतरी जुना काढून चिकटवला, इथपर्यंत माझी मजल गेली. मेसेज तरी तूच पाठवतेस कशावरून? मी फोन केला, तो कटला. मागोमाग मेसेज, बोलू शकत नाही, काम आहे. मी लिहिलं, एक शब्द आवाजात पाठव, नुसतं ‘आई’ म्हण. मग एक हसरं तोंड आलं. त्या पिवळ्या हसऱ्या तोंडाची मला इतकी भीती वाटली, की मी फोन पालथा घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे क्लास रद्द करून मी शेडवर गेले. टकल्यानं दार उघडलं आणि मला बघून त्याचा चेहरा पडला. काकू, तुम्ही? म्हणाला, आणि दारातच उभा राहिला, जणू मी आत गेले तर काहीतरी सांडेल. मी त्याला बाजूला सारलं. तुझ्या जागेवर धूळ होती. टेबलावर तुझा मोठा हेडफोन होता, आणि त्याच्या डाव्या बाजूला कोणीतरी चिकटपट्टी गुंडाळली होती. मी विचारलं, ती जिवंत आहे का? एवढंच सांग. तो म्हणाला, आहे काकू, आहे, पण मी शब्द दिलाय तिला. मी म्हटलं, तुझा शब्द तुझ्याजवळ ठेव, मला मुलगी कुठे आहे ते सांग.

मग त्यानं सांगितलं. तुझ्या डाव्या कानात आधी शिटी वाजायची, मग बेस जाणवायचा पण कुठून येतोय ते कळेना, मग त्या कानानं फोनवरचं बोलणं समजेना. मेसेज तूच पाठवत होतीस, आवाजात रडू ऐकू येईल म्हणून बोलत नव्हतीस. कानाच्या आत, नसेवर गाठ. पसरणारी नाही, पण जागा वाईट. ऑपरेशन नीट झालं तरी तो कान परत येणार नाही, आणि चेहऱ्याची एक बाजू काही दिवस हलणार नाही, कदाचित जास्त दिवस. गाणं आलं नाही तर आईला संशय येईल, असं तू म्हणालीस, म्हणून त्यानं ते तिसरं गाणं केलं. श्वास तेवढा त्याच्याकडे जुन्या फायलीत होता. मी म्हटलं, बाळा, गाणं चांगलं झालंय. तर तो एवढा दांडगा माणूस, हमसून रडायला लागला. त्याच्यावर रागावू नकोस.

बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि मला गिअर टाकता येईना. एवढ्या लोकांना मी गाडी शिकवली, आणि टायरवाल्याच्या दारात माझी गाडी तीनदा बंद पडली. टायरवाला येऊन म्हणाला, ताई, शिकताय का? मी हो म्हटलं.

हे सगळं तुला तोंडानं सांगता आलं असतं. पण टकल्यानं सांगितलेल्या या हॉस्पिटलात आले, तर वरच्या मजल्यावरच्या सिस्टर म्हणतात, पेशंटनं कोणालाही सोडू नका असं सांगितलंय, आईलाही नाही. तुझं म्हणणं मी मोडणार नाही. म्हणून खाली पेशंटच्या नातेवाइकांच्या हॉलमध्ये बसून लिहिते आहे, आणि सिस्टरांनी हे तुझ्या हातात द्यायचं कबूल केलंय. उद्या सकाळी तुला ऑपरेशनला आत नेतील. तुझा चेहरा वाकडा झाला तर मी ओळखणार नाही, असं वाटलं का तुला? की मी घाबरेन म्हणून लपवलंस? मी घाबरलेच आहे. इतकी, की हे अक्षर माझं मलाच लागत नाही. आणि तूही घाबरली असशील, मला माहीत आहे. पण एकाच इमारतीत आपण दोघींनी वेगवेगळ्या मजल्यांवर बसून घाबरायचं, यात कसला शहाणपणा? सिस्टरांना नुसती मान हलवून सांग. मी वर येईन आणि तुझ्या उजव्या बाजूला बसेन.

तुझीच,
आई