मास्तरांच्या गाडीचा क्लच

प्रिय ताई,

हे पत्र लिहायचं मी किती दिवस टाळलं ते विचारू नकोस. कागद होता तर पेन नव्हतं, पेन मिळालं तोवर त्या कागदावर आईने तेलाची बाटली ठेवली होती. शेवटी आज गॅरेजमध्ये एका जुन्या टायरवर बसून लिहायला घेतलंय. डाग दिसले तर ते ग्रीसचे समज. रडायला इथे सवड कुणाला आहे, मी नुसता वैतागलोय.

वैताग क्लचचा. मी घरी आलो तो चार दिवस झोप काढून पुढे निघायचं ठरवूनच. जत्राजत्रांतून तंबू ठोकत फिरणारी आमची टोळी एव्हाना कुठल्या कुठे पोचली असेल. पण शाळेजवळच्या चढावर बाबांची गाडी नुसती गुरगुरायला लागली. इंजिन ओरडतंय आणि चाकं ढिम्म. असा जळका वास सुटला की आईने नाकाला पदर लावला आणि मागे बसलेली शेजारची दोन्ही पोरं खूश झाली, कारण शाळा बुडाली. त्या पोरांना रोज बाबाच सोडतात, माहितीये ना तुला? आईला कामावर, पोरांना शाळेत, येताना कुणाचा गॅसचा सिलिंडर, कुणाची आजी. बाबा गाडी शिकवण्यातून रिटायर झाले, पण त्या गाडीला एक दिवस सुट्टी नाही. इतकी चालली आहे की दुसरी एखादी केव्हाच भंगारात गेली असती.

तर गिअरबॉक्स खाली उतरला, क्लच जळालेला निघाला, आणि घरातल्या प्रत्येकाला अक्कल फुटली. बाबा म्हणतात, सगळ्यात जाड आणि दणकट असेल तो घाला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. आई म्हणते, कुठलाही घाला पण मला बसने पाठवू नका. समोरचे काका म्हणतात, जुन्याच प्लेटला नवं अस्तर लावून घे, नवीन कशाला. आणि तुझ्या नवऱ्याचं तर विचारूच नकोस. भाऊजींचे निरोप बाबांच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ येतात, सोबत व्हिडिओ, त्यात कोणीतरी गॉगल लावून रेसच्या गाडीचा क्लच समजावून सांगतोय. अगं, आपल्या गाडीला रेस लावायची ती कुणाशी? भाजीच्या हातगाडीशी? त्यांना सांग, मला बारावीत विज्ञान जमलं नाही म्हणून मी काही ठार आंधळा नाही.

या गॅरेजमध्ये एक मांजर आहे, तिने जुन्या सीटच्या फोममध्ये पिल्लं घातली आहेत, त्यामुळे ती सीट कुणी हलवत नाही. हे कशासाठी सांगत होतो? हं, मिस्त्री. मिस्त्री बाबांकडेच गाडी चालवायला शिकलाय. अर्धं गाव बाबांकडे शिकलंय म्हणा, बसवाला, दूधवाला, तो रुबाब करणारा डॉक्टरसुद्धा. सगळे अजून त्यांना मास्तर म्हणतात आणि समोर आले की सिगारेट मागे लपवतात. आपल्यालाही त्या लाकडी पट्टीचा मार आठवतो. क्लचवर पाय विसावलेला दिसला की गुडघ्यावर पट्टी, आणि वर पाठ म्हणायला लावायचे की काम झालं की पाय खाली. तू पहिल्या आठवड्यात शिकलीस. माझा गुडघा बरेच महिने लाल होता.

मिस्त्रीने दोन सेट काढून बाकावर ठेवले. एक गाडीबरोबर मूळचा येतो तसा, दुसरा जड, माल वाहणाऱ्या गाड्यांना घालतात तो. म्हणाला, इंजिन म्हातारं झालंय, त्याच्यात आता एवढी ताकदच नाही की हा जड क्लच लागावा. वर याचं पेडल दगडासारखं कडक, दिवसभर दाबायचं म्हणजे मांडीचा पिट्ट्या. नुसती प्लेट बदलू नका, सगळं उघडलंच आहे तर प्रेशर प्लेट, बेअरिंग, पूर्ण सेट घाला, मूळचाच घाला. मी म्हटलं, घाल मग, विचारतोस काय. तर गडी हलेना. हात पुसत बसला. मग हळूच मला म्हणाला, भिंगरी, कुठलाही घातला तरी जळणारच आहे रे. मागच्या वर्षी नवाच घातला होता. मास्तरांना मी सांगितलं की माल खराब निघाला. खोटं बोललो. माल चांगला होता. कोणीतरी दिवसभर पेडलवर पाय ठेवून गाडी चालवतंय, म्हणून प्लेट घासून जळते. हे मास्तरांना सांगायला माझी जीभ उचलत नाही, तू सांग.

मला काय, हे ऐकून आधी हसूच आलं. ज्या माणसाने आख्ख्या गावाचे गुडघे फोडले त्याचाच पाय पेडलवर. घरी जाऊन त्यांची टर उडवणार होतो. पण मग तो चढावरचा दिवस आठवला. त्यातलं एक मला मिस्त्रीला सांगवलं नाही आणि आईलाही नाही.

त्या दिवशी मी पुढे, बाबांच्या शेजारी होतो. वास यायच्या बराच आधी मला त्यांचा डावा पाय दिसला, पेडलवर, सगळा भार टाकलेला. मी मजेत म्हटलं, मास्तर, पाय. ते म्हणाले, खालीच आहे. ताई, ते खोटं बोलत नव्हते. मी पुन्हा म्हटलं तेव्हा त्यांनी मान वाकवून खाली बघितलं, आणि आपला पाय तिथे बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा आहे. मग हाताने मांडी धरून त्यांनी तो उचलला. मागे पोरांची मस्ती चालली होती, आईचं लक्ष त्यांच्याकडे. मला एवढंच म्हणाले, आईला बोलू नकोस, साखर वाढलीय, गोळ्या चालू आहेत, होईल कमी.

आता कळलं मी फोन का केला नाही? घरात फोन एकच, बाबांचा, आणि तो वाजला की ते स्वतः स्पीकरवर टाकून बाजूला बसतात. मला क्लच निवडायचा नाहीये, तो मिस्त्रीने निवडलाय. आज डावा पाय बधिर आहे, उद्या उजवा झाला तर? ब्रेक कुठल्या पायाने दाबतात ते तुला सांगायला नको. गाडी तयार झाली की दुसऱ्याच दिवशी तीच पोरं मागे बसणार. मी काही बोललो तर म्हणतील, घरात टिकत नाही आणि मला शिकवतोय, आणि ते खोटंही नाही. म्हणून तू ये. त्यांच्याकडून किल्ली मागून घे, डॉक्टरकडे ने, ते तुझं ऐकतात. तोवर मी मिस्त्रीला म्हणतोय की पार्ट मिळत नाही असं सांग. हवं तर गाडी मी चालवतो, टोळी गेली उडत.

थांब जरा. फाटकातून बाबा येतायत. चालत. घरापासून इथवर, खडीच्या रस्त्याने, उन्हात. लांबूनच मिस्त्रीवर ओरडतायत की एका क्लचला एवढे दिवस लागतात का, जड तो घाल आणि मोकळा हो. मिस्त्री उभा राहिलाय आणि माझ्याकडे बघतोय. ताई, बाबांच्या उजव्या पायात चप्पल आहे. डाव्या पायात नाही, आणि टाचेतून रक्त येतंय. त्यांना माहीत नाही. तू येईपर्यंत थांबता येणार नाही गं, मलाच सांगावं लागणार. आत्ता उठतो, आधी त्यांना या टायरवर बसवतो.

तुझाच, ग्रीसने माखलेला,
भिंगरी