ओल्या कचऱ्यातली फुलं

देऊळगाव राजा, ५ जानेवारी २०२५

चि. सौ. सारिकास अ. आ. वि. वि.

काल तू पाठवलेला फोटो पाहिला, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. फोन केला असता, पण तो तू लगेच सासूबाईंच्या हाती देतेस. फोटोत त्या तुमच्या संग्रामपूरच्या घंटागाडीपाशी ओला-सुका कचरा वेगळा करून देत आहेत, आणि हसत आहेत. माझ्याकडे त्या एकोणीस वर्षं राहिल्या. नियम आला तेव्हा मी दोन बादल्या आणून मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. त्यांनी बोट लावलं नाही. देवाची फुलं पिशवीत बांधून गुपचूप नाल्यात टाकायच्या. तुझ्याकडे पंधरा दिवसांत काय जादू झाली? संक्रांतीला परत यायचं ठरलं होतं. आता तिथेच राहायचं म्हणतात. धाकट्या जावेचं शिकवणं असेल तर तसं स्पष्ट लिही.

माया उरली असेल तेवढी असू द्यावी.
महामाया

संग्रामपूर, ९ जानेवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

जादू काही नाही. कशात काय टाकायचं ते मला कळेना, म्हणून मी आईंनाच विचारत गेले. निर्माल्याला त्यांनीच वेगळी टोपली लावली. गाडीवाल्या नारायणरावांना म्हणाल्या की बाबा, हे देवाचं हाय, याले खरकट्यात टाकू नको. ते वेगळं घेतात. तिकडे काऊन केलं नाही, असं मी विचारलं. म्हणाल्या की मोठी शिकेल हाय, तिनं मायी फुलं चिमट्यानं उचलून अंड्याच्या टरफलांत टाकली, मंग बादलीले हात लावाची हिंमतच नाही झाली. राग मानू नका. दिवसातून चारदा तुमचं नाव घेतात, मलाच हेवा वाटतो.

रागावलात तरी लोभ ठेवा.
सारिका

देऊळगाव राजा, १३ जानेवारी

चि. सौ. सारिकास आ.

पत्र दोनदा वाचलं. चिमटा होता, हे खरं आहे. फुलं ओल्या कचऱ्यातच टाकावीत असा नियम आहे, तो मी आजही दाखवू शकते. टरफलांवर टाकावीत, असं मात्र त्यात कुठे नाही.

चारदा नाव घेतात ते कशासाठी, हे तू लिहिलं नाहीस. विचारूही नकोस.

हे पत्र घेऊन माझा भाचा अविनाश उद्या तिकडे येत आहे. त्याच्याजवळ दिलेलं मोजून घे:
तिळाचे लाडू, अकरा.
आईंचं लोकरी स्वेटर, एक.
गुडघ्याचं तेल, एक बाटली.
रक्तदाबाच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या.

महामाया