सहा माणसांची तोफ

मंगळवार, ३ सप्टेंबर रोजी हृदयाच्या डॉक्टरांनी मला तोफेचा दोर ओढायला कायमची मनाई केली. त्यामुळे जुन्या आरमाराचे वेष घालून कवायत करणाऱ्या आमच्या ‘टर्नस्टोन’ खलाशी गटाच्या तोफेवर आता पाचच माणसे उरली आहेत. गटाच्या चिटणीस ॲव्हरिल स्टोबार्ट यांनी हजेरीवही पाहून याला दुजोरा दिला आहे.

पुढचे सगळे यातूनच आले आहे, म्हणून हे आधी लिहिले.

मी, हेस्टर मेरी पेनफोल्ड, वय चौऱ्याहत्तर, राहणार गॉसपोर्ट, येथील साप्ताहिकाची निवृत्त उपसंपादक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. माझे डोके ठिकाणावर असल्याची कोणाला शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. त्यांची तक्रार फक्त हृदयाबद्दल आहे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी भाची रोवेना हिला द्यावी. या पत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पाहुण्यांसमोर तिने ‘मावशीचे ते नाटकातले कपडे’ असे म्हणू नये, अशी अपेक्षा आहे. ही अट नाही.

२. शिवणाची पेटी, सुया, मेण, तागाचा दोरा आणि हाडाच्या बटणांची बरणी ॲव्हरिलला द्यावी. माझे पती कै. विल्फ्रेड यांची सुतारकामाची हत्यारे गटाकडे जावीत. पटाशीला धार लावताना बोलू नये. ते बोलत नसत.

३. तोफ. १९८१ साली मी माझ्याच साप्ताहिकात दोन ओळींची जाहिरात दिली होती: ‘नेपोलियनशी लढलेल्या आरमाराची आवड असणारे आणखी कोणी या गावात आहे काय?’ मला वाटे, मी एकटीच वेडी आहे. चार उत्तरे आली. एक शिक्षक, दोन गोदी कामगार, आणि विल्फ्रेड, ज्यांनी पत्रात फक्त तोफेच्या गाड्याचे मोजमाप पाठवले होते. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केले आणि त्याच्या पुढच्या वर्षी गाडा पूर्ण झाला. तोफ माझ्या नावावर आहे आणि गॅरेजमध्ये आहे.

तोफेवर सहा माणसे लागतात. १९८९ मध्ये आम्ही चौघांनीच गाडा ओढला आणि विल्फ्रेडच्या पायाचे एक बोट गेले. तेव्हापासून सहाचा नियम आहे. परवा ॲव्हरिल म्हणाली, ‘हेस्टर, पाचाचा करू या ना. कोण येतंय मोजायला?’ मी नाही म्हटले. हा नियम शोभेचा नाही.

म्हणून असे ठरवते: माझ्या मृत्यूच्या दिवशी गटाच्या हजेरीवहीत तोफेवर उभी राहणारी सहा माणसे असतील, तर तोफ कायमची गटाची. नसतील, तर ती संग्रहालयाला द्यावी. तिथे तोंडात लाकडी बूच ठोकून तिला दोरीपलीकडे ठेवतील आणि तिचा बार पुन्हा होणार नाही. डॉक्टरांनी मला तारीख दिलेली नाही, पण पुढच्या उन्हाळ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, हे माझ्या लक्षात आले.

४. माणसे का उरली नाहीत, हेही नोंदवणे भाग आहे. ॲव्हरिलच्या वहीप्रमाणे गेल्या बारा वर्षांत एकोणीस नवे लोक आले आणि दोन टिकले. आमच्यात पद्धत आहे: नवा माणूस पहिल्या कवायतीला रांगेत उभा राहतो आणि मी त्याची कॉलर उलटून आतले टाके पाहते. त्या काळी सगळे हाताने शिवत. इतर गटांत दहा फुटांचा नियम आहे. दहा फुटांवरून कपडे बरोबर दिसले की बरोबर. मी तो कधी मानला नाही.

पाच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये क्लेमंट बाप्टिस्ट आले. ते बसचालक आहेत. अख्खा हिवाळा खपून त्यांनी निळे जाकीट शिवले होते. बटणे बरोबर, लांबी बरोबर. मी कॉलर उलटली. आत मशीनची शिलाई, सरळ रेघ. मी म्हणाले, ‘शिलाईचं मशीन जहाजावर कुठल्या मजल्यावर ठेवायचं हो?’ सगळे हसले. तेही हसले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत.

चाळीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून पोट भरले. त्या दिवशी बातमी समोर उभी होती आणि मी स्वल्पविराम तपासत होते.

यापुढे गटात कोणाची कॉलर उलटू नये. तोफेची मालकीण म्हणून हा माझा शेवटचा हुकूम समजावा.

५. गेल्या शुक्रवारी मी त्यांच्या बसमध्ये बसले आणि शेवटपर्यंत गेले.

‘शेवटचा थांबा, बाई.’

‘माहीत आहे. तुमच्याकडेच आलेय.’

त्यांनी आरशात पाहिले. ‘कॉलर बघायचीय? ही कंपनीची आहे. मशीनचीच.’

मी माफी मागितली. ती फार लांबली.

‘पुरे हो. सात मिनिटांत परत निघायचंय मला.’

‘जाकीट आहे का अजून?’

‘आहे ना. दर ऑक्टोबरला, आरमाराच्या विजयाच्या दिवशी घालतो. बायको विचारते, कुठे निघालात? मी म्हणतो, स्वयंपाकघरात.’

मी त्यांना पाच माणसांचे सांगितले. बुचाचेही.

‘म्हणजे माणूस कमी पडला तेव्हा आठवण झाली.’

‘हो.’

‘थोडं खोटं तरी बोलायचं, बाई.’

‘आता तेवढा वेळ नाही.’

त्यांनी घड्याळ पाहिले. मग म्हणाले, ‘आलो तर तेच जाकीट घालून येईन. एक टाका उसवणार नाही.’

‘नका उसवू.’

‘आणि जे आत्ता मला सांगितलंत, ते सगळ्यांसमोर सांगायचं. हसले होते ते सगळ्यांसमोरच.’

मला हो म्हणायला दोन मिनिटे लागली. त्यांनी ती मोजली असावीत.

६. पायदळवाल्या लाल डगल्यांच्या गटाचे जेराल्ड इंचबाल्ड, व्यवसायाने दंतवैद्य, हे तीस वर्षे स्वतःला मेजर म्हणवतात आणि आमच्या तोफेच्या आधी मुद्दाम बंदुका उडवतात. त्यांना मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. ओळखीत शेजारीण सोडून बाकी सगळ्यांना काही ना काही दिले असल्याने मी त्यांना फोन केला.

‘खरंच काही नाही ठेवलंस?’

‘एक बटणसुद्धा नाही.’

‘तीस वर्षांची दुश्मनी, हेस्टर, आणि बटणसुद्धा नाही?’

‘नाही.’

‘मग चहा टाक. येतो सही करायला.’

दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या डोरीन लकहर्स्ट. त्यांना तोफेचा आवाज कधीच आवडला नाही, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका नको.

७. गुरुवार, १९ सप्टेंबर रोजी संध्याकाळी साडेसहाला कवायत आहे. मी खुर्चीवर असेन. गाडा हलण्याआधी उठून, पाच वर्षांपूर्वी मी काय केले आणि ते का चुकीचे होते, हे सगळ्यांसमोर सांगेन. क्लेमंट आले नाहीत तरी सांगेन. ते येतो म्हणालेले नाहीत. ‘गुरुवारी माझी पाळी सहाला संपते,’ एवढेच म्हणाले आणि गाडी सुरू केली.

लिहून देणार: हेस्टर मेरी पेनफोल्ड (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. जेराल्ड इंचबाल्ड, दंतवैद्य (सही)
२. डोरीन लकहर्स्ट, शेजारी (सही)

स्थळ: गॉसपोर्ट
दिनांक: सोमवार, १६ सप्टेंबर २०२४