सैल गोळीचा साचा आणि अर्जदार स्टिल्टनर

प्रति,
मा. लोरेना स्टिल्टनर,
मैदान सुरक्षा अधिकारी,
लॉरेल फोर्क ठासणी-नेमबाजी मंडळ, केंटकी.

विषय : ऑक्टोबरच्या सामन्यासाठी अर्जदारावरील बंदी उठवणेबाबत.

संदर्भ : आपली दि. १९ ऑगस्टची नोटीस (फ्रिजवर चिकटवलेली आढळली).

महोदया,

१. अर्जदार ड्यूई स्टिल्टनर हा आपला पती असून, "मैदानाचं काही बोलायचं असेल तर लेखी दे, जेवताना नको," या आपल्या आदेशास अनुसरून हा अर्ज सादर करीत आहे.

२. अर्जदार गेली एकोणीस वर्षे ठासणीच्या रिव्हॉल्व्हरने हा सामना खेळत आला आहे. सिलिंडरच्या घरात गोल गोळी दाबताना तोंडाशी शिशाची बारीक कडी सोलून निघते, ती त्यास नासाडी वाटे. सबब त्याने चर्चच्या पत्रकामागे टोकदार गोळीचा साचा स्वतः आखला, तो करवून घेतला आणि कौतुकाने त्यास 'लोरेना' हे आपलेच, म्हणजे पत्नीचे, नाव दिले. ही गोळी नुसत्या अंगठ्याने बसे. आपण विचारलेत, "ड्यूई, कडी कुठंय? कडी निघत नाही म्हणजे गोळी सैल आहे." त्यावर अर्जदार उत्तरला, "अगं, तीच तर करामत आहे!" शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, अर्जदारास तो पुरला नाही.

३. दि. १६ ऑगस्ट रोजी पहिलाच बार उडताच त्याच्या धक्क्याने उरलेल्या पाच गोळ्या पुढे सरकून घरांबाहेर डोकावल्या, सिलिंडर अडकले आणि दारूने भरलेली पाच घरे हातात धरून अर्जदार खांबासारखा उभा राहिला. मंडळाचे सदस्य श्री. रॅटलिफ यांनी कर्ण्यावरून पुकारले, "लोरेना अडकलीय! सगळे मागे सरका!" मंडळी पोट धरून हसली. मैदान तीन तास बंद राहिले.

४. बंदीविरुद्ध अर्जदाराने सात मुद्दे काढले होते : हवा दमट होती, गोळीला लावलेली चरबी पातळ झाली, पत्रकाचा कागद चुरगळलेला होता, इत्यादी. सातवा मुद्दा लिहिताना अर्जदारासच स्वतःची लाज वाटली. नाचता येईना म्हणे अंगण वाकडे.

५. खरी गोष्ट अशी की, त्या वेळी एकटी आपणच पुढे आलात. एक ठिणगी सिलिंडरच्या शेजारच्या घरात शिरती तर पाचही बार आपल्या शेजारी उडाले असते. "नळी समोर ठेव. हं. आता सोड," एवढेच म्हणून आपण रिव्हॉल्व्हर काढून घेतलेत. अर्जदार फार घाबरला होता, आणि स्वतःसाठी नव्हे.

६. आपण या मैदानावरील सर्वोत्तम नेमबाज होतात. अर्जदारासारख्यांवर कोणीतरी लक्ष ठेवायला हवे, म्हणून आपण एकोणीस वर्षांत एकही सामना खेळलेला नाही. तरी विषयात लिहिलेली मागणी अर्जदार मागे घेत आहे. बंदी कायम असावी. ऑक्टोबरात देखरेख करण्यास श्री. रॅटलिफ राजी आहेत. अर्जदाराच्या जागेवर आपण खेळावे, आणि अर्जदारास दोरीमागे उभे राहून टाळ्या वाजवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

आपल्याच छताखाली राहणारा, नम्र,
ड्यूई स्टिल्टनर
दि. ४ सप्टेंबर

सोबत : साचा, नग एक. परत नको.